एकदाचे लंगोट

"हद-पामी म्हणजे गो काय?" सासूबाईंनी विचारलं, आणि मी भांडी घासता घासता, डोकं न वापरता सांगून टाकलं, "एकदाचं."

हिब्रूत तो शब्द एकदा वापरून फेकून द्यायच्या वस्तूंना लावतात. कागदी पेले, कागदी ताटल्या, आणि आता बाळांचे लंगोटसुद्धा. पण मराठीत 'एकदाचं' म्हटलं की काय होतं ते सासूबाईंना माझ्यापेक्षा बरं कळत होतं. त्या खाटेवर बसल्या बसल्या हसायला लागल्या. "एकदाचं? म्हणजे झालं एकदाचं, गेलं एकदाचं, तसलं? अगो बया! लंगोटाला सुटका झाल्यासारखं नाव ठेवलंय मेल्यांनी!"

मला हसू आलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच हसू येत नव्हतं. हातातला तांब्या कुठं ठेवला ते आठवायचं नाही, चुलीवर दूध ठेवून मी दोरीवरचे कपडे काढायला जायची आणि दूध उतू गेल्यावर सासूबाईंवरच ओरडायची. त्यांना बिचाऱ्यांना दिसत तरी होतं का! एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, दुसरा डोळा अजून तसाच. डॉक्टरनं बजावलं होतं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. म्हणजे सात महिन्यांची माझी पोर, आजी घरात असून, पाळणाघरात.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. आम्ही येरुहाम नावाच्या गावात राहत होतो. ठाण्याहून येऊन नऊ वर्षं झाली होती, तरी वाळवंट अंगवळणी पडलं असं मी म्हणणार नाही. गावाच्या कडेला शिवणाचा कारखाना होता, तिथं मी पायजम्यांना कमरेचं इलास्टिक लावायची. डाव्या हातानं ताणायचं, उजव्या हातानं कापड सरकवायचं, पुढचा पायजमा. माझी नोकरी तात्पुरती होती. सहा महिने नीट काढले की 'कविउत' मिळायची. आपल्याकडे मिलमध्ये 'पर्मनंट' म्हणायचे, तेच ते. सासूबाईंचे यजमान मिलमध्ये होते, त्यामुळे तो एक शब्द मला त्यांना कधी समजावून सांगावा लागला नाही. नवऱ्याच्या कारखान्यात माणसं कमी करायची भाषा चालू होती. तो जेवताना भाकरीचा एकच तुकडा कितीतरी वेळ कालवणात बुडवत बसायचा. मी पर्मनंट झाले तर आम्ही तरून जाणार होतो, नाही झाले तर मला पुढचं काही दिसत नव्हतं. पाच आठवडे राहिले होते.

आणि नेमकी तेव्हाच पाळणाघरातली कपडे धुणारी बाई काम सोडून गेली.

पाळणाघर सांभाळणारी बाई मोरोक्कोची होती. तोंडानं फटकळ, हातानं मायाळू. तिनं सगळ्या आयांना दारातच सांगितलं, "उद्यापासून कापडाचे लंगोट बंद. हद-पामी आणा. मला मुलं अकरा आणि हात दोन. आणि पिना तर मला नकोतच. मागे एकाला टोचली, अजून त्याची आई माझ्याशी बोलत नाही." बाकीच्या आयांना आनंदच झाला. मलाही झाला, खोटं कशाला बोलू? रोज पहाटे उठून घमेल्यात रात्रीचे लंगोट उकळायचे, सोडा टाकायचा, पिळायचे, वाळत घालायचे. मला वाटलं, सुटले एकदाची. बघा, मीसुद्धा तोच शब्द वापरला.

चार दिवसांत पोरीच्या मांड्यांचे सांधे लाल झाले. पाचव्या दिवशी साल निघाली. ती अशी रडायची की मला तिचं रडणं कारखान्यात मशीनच्या आवाजातून ऐकू यायचं, आणि मी मशीन थांबवून कान द्यायची, तर काहीच नसायचं. बाळांच्या दवाखान्यातल्या नर्सनं मलम दिलं. म्हणाली, "काही मुलांना प्लास्टिक सोसत नाही. मऊ सुती कापड वापर. वारा लागू दे." मी तिला म्हटलं, "तूच जाऊन सांग ना पाळणाघरात." ती म्हणाली, ते तिचं काम नाही. नर्स म्हणे कापड, पाळणाघर म्हणे कागद, आणि मधल्या मध्ये माझी पोर सोलून निघतेय!

मंगळवारी कारखान्यात माझ्यासाठी पाळणाघरातून फोन आला. येऊन मुलीला घेऊन जा, ती गप्प राहत नाही आणि तिच्यामुळे बाकीची दहा रडतायत. मी सुपरवायझरकडे गेले. माणूस वाईट नव्हता. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "जा. पण आणखी एकदा असं झालं तर तुझ्या कागदावर मी काय लिहू ते तूच सांग." मी पिशवी उचलली आणि निघाले.

कारखान्यापासून पाळणाघरापर्यंतचा रस्ता गावाच्या कडेकडेनं जायचा. एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला उघडं रान. गावाचा कचरा पलीकडे खड्ड्यात टाकायचे आणि दुपारी वारा सुटला की तो परत गावाकडे यायचा. त्या दिवशी माझ्या प्रथमच नीट लक्षात आलं. काटेरी झुडपांवर सगळीकडे पांढरं पांढरं अडकलेलं. कागदी लंगोट होते ते. उन्हानं फाटलेले, आतला लगदा बाहेर आलेला, वरचं प्लास्टिक मात्र जसंच्या तसं फडफडतंय. एक बेदुइन बाई शेळ्या घेऊन चालली होती. तिची एक शेळी तसलं प्लास्टिक चघळत होती, निम्मं तोंडात, निम्मं बाहेर. बाईनं तिचं तोंड धरून ते खेचून काढलं, जमिनीवर आपटलं आणि माझ्याकडे बघून तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मला अरबी येत नाही. पण शिवी कळायला भाषा कशाला लागते?

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. त्यातला एखादा आमच्याच घरचा असणार. एकदाचे म्हणे! त्या झुडपांवर ते महिनोन्‌महिने बसून होते, पाऊस नाही, कुजणं नाही, हलायचं नाव नाही. पाच महिने इलास्टिक ओढून मला कायमचं होता येईना, आणि वापरून फेकलेले लंगोट तेवढे इथं पर्मनंट झाले होते. त्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन त्याच रस्त्यानं परत येताना मी ठरवलं, आता काही झालं तरी हे तिला घालायचं नाही. कसं जमवणार ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारातच मी पाळणाघरातल्या बाईशी भांडले. मी मराठीत चांगली भांडते, हिब्रूत माझं भांडण निम्म्यावर अडकतं. शेवटी तीच म्हणाली, "ऐक. पिना नकोत, गाठी नकोत, घड्या नकोत. कागदाच्याइतक्या झटपट घालता येईल असं काही आणशील तर कापड चालेल, ओले लंगोट तुझ्या पिशवीत घालून देईन, धू घरी नेऊन. रविवारी आण, तोवर तिला उघडीच ठेवते. नाही जमलं तर कागदाचे, आणि रडली तर तुला फोन."

नवरा म्हणाला, "अगं, कागदाचेच वापर ना, मलम तर आहे."

"तुम्ही घाला आधी दिवसभर," मी म्हटलं. तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

कसा शिवायचा ते मला पायजम्यांनीच सांगितलं. तिकोनी लंगोट, पाठीमागच्या बाजूला इलास्टिक, आणि पुढं बंदांच्या ऐवजी दोन टिचबटणं, ब्लाउजला लावतो तसली. दोन बोटांनी दाबलं की झालं. मुंबईहून आणलेलं हातमशीन घरात होतंच. अडलं कापडापाशी. बाजारातून नवं सुती कापड आणलं, चारदा धुतलं, पण इथलं पाणी असलं जड की वाळल्यावर ते पापडासारखं वाजायचं. कारखान्यात कापणीनंतर उरायचे ते तुकडे निम्मे नायलॉनचे. पहिले लंगोट मी ठाण्याहून आणलेल्या जुन्या चादरींचे केले होते, ते उकळून उकळून जाळी झाले होते. सासूबाई इथं आल्यापासून पाचवारी नायलॉनच्या साड्या नेसायच्या, धुवायला सोप्या म्हणून. त्या काय कामाच्या! गुरुवारपर्यंत मी घरातलं प्रत्येक फडकं हातात घेऊन चुरगाळून पाहिलं होतं. पडदा, उशीचे अभ्रे, नवऱ्याची बनियनं. शेवटी मी खुर्चीवर बसून रडले आणि पोरगी माझ्याकडे टकमक बघत राहिली.

घरात मऊ कापड एकच होतं, आणि ते कुठं आहे हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सासूबाईंची ट्रंक दाराजवळ असायची. नऊ वर्षं ती तिथून हलली नव्हती. कुणी म्हटलं, कपाटात रिकामी करून ठेवू या, तर त्या म्हणायच्या, "असू दे, जायच्या वेळी पुन्हा कोण भरील?" अलिबागच्या बाजूला त्यांचं गाव. गावाबाहेर, ताडांच्या खाली, आमच्या मराठी ज्यू लोकांचं कबरस्तान आहे, तिथं त्यांच्या यजमानांची कबर. त्यांच्या शेजारी सासूबाईंसाठी जागा सोडलेली. मुलानं आणलं म्हणून त्या आल्या, पण राहायला आल्या असं त्यांनी कधीच मानलं नाही. आधी म्हणाल्या, "सुनेचं मूल बघते आणि जाते." मूल लवकर झालं नाही. मग म्हणाल्या, "डोळा नीट झाला की जाते." त्या ट्रंकेत तळाला त्यांचं नऊवारी लुगडं होतं, डाळिंबी रंगाचं, पिवळ्या काठाचं. ते नेसून त्या विमानात बसल्या होत्या. "नेसून आले तेच नेसून जाईन," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. वापरून वापरून ते असं झालं होतं की मुठीत धरलं तर हातात काही आहे की नाही कळू नये. वर्षातून एकदा पेसाहच्या सणाआधीच्या साफसफाईत त्या ते उन्हात टाकायच्या, नव्या डांबरगोळ्या घालायच्या आणि परत तळाशी.

मी त्यांच्याकडे ते मागितलं नाही. एवढं तरी माझ्या बाजूनं सांगते. पण त्या आठवड्यात मी त्या ट्रंकेवरून किती वेळा नजर फिरवली ते देवालाच ठाऊक, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना नजर कळते.

शुक्रवारी कारखाना अर्धा दिवस. दुपारी पोरीला घेऊन घरी आले तर दाराजवळची जागा रिकामी. ट्रंक खोलीच्या मध्ये ओढलेली, उघडी. वाकायचं नाही, ओढायचं नाही, सगळं बाजूला! सासूबाई खाटेवर मांडी घालून बसलेल्या, मांडीवर डाळिंबी लुगडं. बोटांनी काठ चाचपत होत्या.

"आलीस? मशीन काढ," म्हणाल्या. "वातीची वेळ व्हायच्या आत शिवायला पाहिजे. मग हात लावता येणार नाही."

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत पेल्यात खोबरेल घालून सब्बाथची वात लावायची, मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुई नाही की कात्री नाही. मग एका रात्रीत किती शिवून होणार, आणि रविवारी सकाळी तर पाळणाघर. वेळ खरंच नव्हता. आणि मी नको म्हटलं नाही. आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा मला वाटतं, एकदा तरी म्हणायला हवं होतं. त्या ऐकल्या नसत्या, पण मी म्हटलं तर असतं. माझ्या तोंडून निघालं ते हे: "आई, अर्धंच घेऊ या. अर्धं ठेवू." अर्धं वाचवलं तर माझं पाप अर्धं, असला माझा हिशेब.

त्यांनी मान वर केली. "अर्धं नेसून जाऊ होय मी? गावात लोक काय म्हणतील?"

त्यांनी काठाला दातानं चीर दिली. मग दोन्ही हातांनी ताणलं आणि लुगडं टर्रर्र करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. जुनं कापड, काही जोर लागला नाही. पोरगी आवाजानं दचकली आणि मग खुदकन हसली. त्या आठवड्यातलं ते तिचं पहिलं हसू.

"झालं एकदाचं," सासूबाई म्हणाल्या.

मग मात्र त्या थांबल्या नाहीत. हातानं वीत मोजायच्या आणि फाडायच्या, वीत मोजायच्या आणि फाडायच्या. मी तुकडे उकळत्या पाण्यात टाकले. पाण्याला रंग सुटला नाही, जायचा तेवढा कधीच गेला होता. बाहेर दोरीवर टाकले की दहा मिनिटांत वाळत होते, वाळवंटाचा तेवढा एक उपकार. वाळलेला तुकडा आणायचा, घडी, इलास्टिक ताणायचं, चाक फिरवायचं. माझे हात आपोआप चालत होते आणि डोकं मात्र ताळ्यावर नव्हतं. दर पाच मिनिटांनी उठून मी खिडकीतून ऊन किती उरलंय ते बघत होते. नवरा कामावरून आला, खोलीभर डाळिंबी तुकडे बघून दारातच उभा राहिला. त्यानं ट्रंकेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आई, हे..." एवढंच म्हणाला.

"बघतोस काय? बस. टिचबटणं लाव," त्या म्हणाल्या. तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा सुई हातात धरली असेल. दोनदा बोटाला टोचून घेतली, एक बटण उलटं लावलं, पण डोळे वर करून कुणाकडे बघितलं नाही. वात लावायच्या वेळी आठ लंगोट तयार होते. बाकीचे तुकडे घडी करून मी ट्रंकेत ठेवले, दुसरी जागाच सुचेना.

रविवारी पाळणाघरातल्या बाईनं लंगोट उलटासुलटा करून पाहिला. पोरीला आडवी केली, घातला, टिच, टिच. पुन्हा काढला, पुन्हा घातला. "हे कसलं कापड?" तिनं विचारलं. गालाला लावून बघितलं. मी सांगितलं, माझ्या सासूचं लुगडं. हिब्रूत लुगड्याला शब्द नाही, म्हणून म्हटलं, 'सासूचा प्रवासाचा कपडा'. तिला काय समजलं कोण जाणे. म्हणाली, "चालेल." मी कारखान्याकडे जवळजवळ पळतच निघाले. वाटेत झुडपांवरचं पांढरं तसंच फडफडत होतं.

पोरीची कातडी आठवड्यात सावरली. फोन आला नाही. तरी तीन आठवडे मी कारखान्यात फोन वाजला की इलास्टिक सोडून द्यायची आणि ते चटकन बोटावर बसायचं. रोज दुपारी ओल्या लंगोटांची पिशवी घरी यायची, पाणी मी तापवायची, आणि वाळलेले काढून घड्या घालायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. दोरी त्यांच्या खांद्याच्या उंचीवर बांधली, म्हणजे वाकायला नको. जायच्या गोष्टी त्यांनी केल्या नाहीत. शेजारणीनं विचारलं, डोळा आता बरा दिसतो, मग गावाला कधी? तर म्हणाल्या, "बघू या." पूर्वी त्या 'बघू या' कधीच म्हणायच्या नाहीत. मला ते ऐकून घरात बसवेना, मी उगीचच बाहेर जाऊन आले.

मग एका दुपारी सुपरवायझरनं मला बोलावून कागद हातात दिला. मी तो बाहेर रस्त्यावर येऊन वाचला आणि पिशवीत घातला. पोरीला घेऊन घरी आले. सासूबाई मागच्या अंगणात दोरीपाशी होत्या. पिवळा काठ आलेला लंगोट त्यांच्या हातात होता, अंगठा काठावरून फिरत होता.

"काय गो, आज चालीत जोर आहे," त्या म्हणाल्या. "झालं का एकदाचं?"

"झालं, आई. पर्मनंट झाले."

त्यांनी मान हलवली. हातातल्या लंगोटाची घडी केली, खांद्यावर टाकली.

"मग दोघी झालो म्हण," त्या म्हणाल्या, आणि पुढचा लंगोट काढायला दोरीवर हात चाचपू लागल्या.